एका वाहिनीवरचे सगळे
(प्रस्तावना)

उद्योगाची संघटना म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की इथल्या गावोगावच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. उचल मुकादमाकडून घेतलेली असते आणि ऊस एका ठरावीक कारखान्याचा तोडायचा असतो. पण टनामागे तोडणीचा दर मुकादम ठरवत नाही, आणि तो कारखानाही एकटा ठरवत नाही. राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि कामगारांच्या संघटना समोरासमोर बसतात, तेव्हा तो ठरतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढीवर तोडगा निघाला, तो असाच. कारखानदार एका तोंडाने बोलतात, म्हणून कोयत्यालाही एका तोंडाने बोलावे लागते.

नैसर्गिक वायूच्या धंद्यातही अशा संघटना आहेत. त्यांची नावे आपल्याकडे फारशी कानावर येत नाहीत, त्यांच्या बैठका दिल्ली-मुंबईत होतात आणि कागदपत्रे इंग्रजीत निघतात. तरीही त्यांनी मांडलेल्या भूमिकांचा परिणाम रिक्षावाल्याच्या दिवसाच्या कमाईवर, खताच्या गोणीवर, कारखान्याच्या भट्टीवर आणि उद्या आपल्या स्वयंपाकघरावर होणार आहे. ही प्रस्तावना जिथे लिहिली ते पाली हे बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना लागणारे, बिंदुसरा धरणाजवळचे, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. इथे ‘गॅस’ म्हटले की अजून लाल टाकीच डोळ्यांपुढे येते. पण शहर वायू वितरणाच्या परवान्यांसाठीच्या बोलीच्या बाराव्या फेरीनंतर देशाचा जवळजवळ सगळा भूभाग 307 भौगोलिक क्षेत्रांत वाटला गेला आहे. आपला जिल्हाही त्यात आहे. वाहिनी पोचायला वेळ लागेल. तिच्याविषयीचे निर्णय मात्र आताच होत आहेत. म्हणून हा विषय मराठीत, आणि इथे बसून, मांडायला हवा असे मला मनापासून वाटते.

आधी मूळ वस्तू नीट समजून घेऊ. टाकीतला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो दाबाखाली द्रव होतो, टाकीत भरून कुठेही नेता येतो, आणि गळला तर हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो, म्हणून वर जातो. त्याला द्रवरूप द्यायचे तर उणे 162 अंशांपर्यंत गार करावे लागते. म्हणजे साधारणपणे तो वाहिनीतूनच न्यावा लागतो, नाहीतर 200 ते 250 बार एवढ्या दाबाने नळकांड्यांत भरावा लागतो. धान्याचा व्यापारी भाव पडला तर माल कोठारात ठेवून थांबू शकतो. वायूवाल्याला ती सोय फारशी नाही. विहिरीतून निघालेला वायू कुणीतरी लगेच घ्यावा लागतो, घेणाऱ्यापर्यंत वाहिनी असावी लागते, आणि वाहिनी टाकणाऱ्याला पुढे गिऱ्हाईक मिळेल याची खात्री लागते. यातला एक जरी अडला, तरी मागचे-पुढचे सगळे अडतात.

मुंबई हायचा इतिहास याची साक्ष देतो. तिथे 1974 मध्ये तेल लागले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर आला. पण तो घेणारी वाहिनी आणि वापरणारे कारखाने पुरेसे उभे नव्हते, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत त्यातला पुष्कळ वायू समुद्रातच मशालीसारखा जाळून टाकावा लागला. पुढे उरणला वायू उतरला. तुर्भे आणि थळच्या खत कारखान्यांना आणि उरणच्या वीज केंद्राला तो मिळू लागला. वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्रातल्या क्षेत्रातला वायू मात्र गुजरातेत हजिऱ्याला उतरला आणि तिथून उत्तरेकडे निघालेल्या हजिरा-बिजैपूर-जगदीशपूर वाहिनीत गेला. याच वाहिनीच्या कामासाठी ऑगस्ट 1984 मध्ये ‘गेल’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. वाहिनी ज्या बाजूला गेली, त्या बाजूला खत कारखाने आणि वीज केंद्रे उभी राहिली. मराठवाडा त्या वाटेवर नव्हता.

शहरांच्या वाट्याला वायू त्यानंतर आला. मुंबईत 1860 च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीने कोळशापासून बनवलेल्या वायूवर रस्त्यांवरचे दिवे पेटवले होते, पण तो वायू वेगळा. नैसर्गिक वायू घरोघर नेणारी महानगर गॅस 1995 मध्ये स्थापन झाली; त्यात गेल, ब्रिटिश गॅस आणि महाराष्ट्र शासन असे तिघे होते. पुण्यासाठी महाराष्ट्र नॅचरल गॅस आली. 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ निर्माण झाले आणि जिल्ह्यांसाठी बोली लावून परवाने देण्याची पद्धत सुरू झाली. ज्या कंपनीला क्षेत्र मिळते, तिला तिथे जाळे टाकण्याचा 25 वर्षे एकाधिकार असतो. एवढ्या दीर्घ मुदतीत एका क्षेत्रात दुसरी वाहिनी येणार नसेल, तर त्या कंपनीवर अंकुश कुणाचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. एक उत्तर नियामक मंडळ हे आहे. दुसरे उत्तर उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेले नियम, आणि संघटनेचे काम तिथून सुरू होते.

जगात वायूच्या संघटना जुन्या आहेत. जर्मनीत वायू-तंत्रज्ञांची संघटना 1859 मध्ये निघाली. आज डीव्हीजीडब्ल्यू या नावाने ती वायू आणि पाणी दोन्हींसाठी तांत्रिक नियम लिहिते. ब्रिटनमधली वायू अभियंत्यांची संस्था 1863 ची. अमेरिकन गॅस असोसिएशन 1918 मध्ये दोन आधीच्या संस्था एकत्र येऊन झाली, आणि आंतरराष्ट्रीय गॅस युनियन 1931 मध्ये. यांतल्या जुन्या संस्था उभ्या राहिल्या त्या माणसे दगावत होती, मोजमापावरून भांडणे होत होती आणि एका कंपनीचा भाग दुसरीच्या जोडणीत बसत नव्हता म्हणून. सरकारकडे मागण्या नेण्याचे काम नंतर वाढले. हा क्रम वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण आज संघटना म्हटले की शिष्टमंडळ, निवेदन आणि मंत्र्यांसोबतचा फोटो एवढेच आठवते.

मोजमापाचे उदाहरण घ्या. वाहिनीतून किती वायू गेला हे कळण्यासाठी बऱ्याच ठिकाणी पाइपाच्या आत एक पोलादी चकती बसवलेली असते. तिच्या मधोमध अचूक मापाचे गोल भोक. वायू त्या भोकातून जाताना चकतीच्या आधीचा आणि नंतरचा दाब वेगवेगळा पडतो, आणि त्या फरकावरून प्रवाह काढतात. भोकाची कड धारदार आणि काटकोनी असावी लागते. वाळूच्या बारीक कणांनी ती घासून किंचित गोलसर झाली, की चकती खरे त्यापेक्षा कमी वायू दाखवू लागते. डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण रोज लाखो घनमीटर वायू जाणाऱ्या वाहिनीवर त्या झिजेचा हिशेब कोट्यवधींत जातो. चकती किती जाड, भोक किती मोठे, तिच्या आधी सरळ पाइप किती लांब, किती दिवसांनी बाहेर काढून तपासायची, हे सगळे अमेरिकन गॅस असोसिएशनने अहवालांत लिहून ठेवले आहे. भारतातल्या वायू खरेदी-विक्रीतही ‘एजीए-3’ आणि ‘एजीए-8’ हे शब्द सर्रास येतात. विकणारा आणि घेणारा दोघेही तोच अहवाल मानतात, म्हणून वाद कोर्टात जाण्याआधी मीटरच्या खोलीत मिटतो.

वासाचे उदाहरण त्याहून गंभीर आहे. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेच्या तळघरात गळलेला वायू साचला होता. कुणालाही तो जाणवला नाही. एक ठिणगी पडली आणि जवळपास 300 जीव गेले, बहुतेक मुले. त्यानंतर वायूत तीव्र वासाचे रसायन मिसळणे टेक्सासमध्ये कायद्याने बंधनकारक झाले आणि पुढे ती जगभरची रीत झाली. आज आपल्याकडेही शहरी वायूत मर्कॅप्टन वर्गातले रसायन घालतात. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की तो पेट घेऊ शकतो. म्हणून खालच्या मर्यादेच्या एक पंचमांश एवढ्यावर, म्हणजे हवेत जेमतेम एक टक्का वायू असतानाच, सामान्य माणसाच्या नाकाला वास लागला पाहिजे असा नियम आहे. हे रसायन किती घालायचे, कोणत्या ठिकाणी घालायचे, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला वास पुरेसा उरतो का हे कसे तपासायचे, ही माहिती एका कंपनीने दडवून ठेवायची नसते. एका कंपनीच्या हलगर्जीने शाळा उडाली, तर लोक सगळ्यांच्याच वाहिनीला हात जोडतात.

भारतातला धडा आंध्रातल्या नगरम गावाचा. जून 2014 मध्ये तिथे गेलच्या वाहिनीचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या वायूसाठीच्या वाहिनीतून पाणी आणि द्रवाचा अंश असलेला वायू जात राहिला आणि पाइप आतून गंजला, हे चौकशीत पुढे आले. अशी चौकशी एका कंपनीच्या फायलीत राहिली तर ती तेवढ्यावरच संपते. संघटनेने ती सगळ्या सभासदांपुढे ठेवली, आपापल्या वाहिन्या त्या नजरेने तपासायला लावल्या आणि काय सापडले ते पुन्हा एकत्र केले, तर पुढचे नगरम टळू शकते. माझ्या मते कोणत्याही वायू संघटनेची पहिली परीक्षा ही आहे: अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात सभासद एकमेकांना खरे सांगतात का?

आता आपल्या देशातल्या संघटनांची ओळख. तेल आणि वायू दोन्हींच्या कंपन्यांची मोठी संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ इंडियन पेट्रोलियम इंडस्ट्री. नॅचरल गॅस सोसायटी वायूच्या साखळीतल्या निरनिराळ्या घटकांना एका टेबलावर आणते. शहर वायू वितरण कंपन्यांची वेगळी संघटना आहे. पंपचालकांच्या बाजूने महाराष्ट्रात ‘फामपेडा’ म्हणजे पेट्रोल विक्रेत्यांचा राज्य महासंघ काम करतो. सीएनजी विक्रीवरचे कमिशन हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. शेण, प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) आणि ओल्या कचऱ्यापासून वायू करणाऱ्यांची बाजू इंडियन बायोगॅस असोसिएशन मांडते. म्हणजे ‘उद्योग’ नावाची एकसंध वस्तू इथे नाहीच. विहीरवाल्याला भाव चढा हवा, वितरकाला उतरता हवा, पंपवाल्याला कमिशन वाढवून हवे आणि बायोगॅसवाल्याला खरेदीची हमी हवी. या संघटना बहुतेक वेळा सरकारशी बोलतात, पण एकमेकांशी बोलणे हेही त्यांचे तेवढेच मोठे काम आहे.

सरकारशी कशावरून बोलणे होते, ते आकड्यांतून पाहू. देशी वायूचा सरकारी सूत्राने ठरणारा भाव ऑक्टोबर 2020 मध्ये दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटला 1.79 डॉलर होता. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2022 मध्ये, तो 8.57 डॉलर झाला. उत्पादकाला पहिला भाव परवडत नव्हता, ग्राहकाला दुसरा. मग किरीट पारिख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल 2023 पासून जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव कच्च्या तेलाच्या भावाच्या 10 टक्के ठेवून त्याला खाली 4 आणि वर 6.5 डॉलरची मर्यादा घातली गेली. भाव स्थिरावला, पण हा स्वस्त वायू पुरेसा नाही. 2024 च्या हिवाळ्याच्या तोंडावर शहर वितरण कंपन्यांच्या वाट्यात कपात झाली, महाग वायू घ्यावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत सीएनजी किलोमागे 2 रुपयांनी चढला. अशा वेळी संघटनेच्या निवेदनाला धार येते ती आकड्यांमुळे: किती वाहने, किती घरे, कपात केली तर भाव किती वाढेल.

करांचेही तसेच. महाराष्ट्राने 1 एप्रिल 2022 पासून नैसर्गिक वायूवरचा मूल्यवर्धित कर 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. सीएनजी स्वस्त झाला आणि राज्याच्या नावावर एक शहाणा निर्णय जमा झाला. पण वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे. कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल आणि विमानाचे इंधनही बाहेरच आहे. वायू वापरणाऱ्या कारखान्याला त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तर कोळशावर ती मिळते. स्वच्छ इंधन घेणाऱ्याला तोटा व्हावा, ही व्यवस्था चुकीची आहे, आणि संघटना हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरतात ते योग्यच आहे.

या सगळ्याचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. जिथे वाहिनी पोचलेली नाही, अशा महामार्गावरच्या पंपावर सीएनजी ट्रकने येतो. ज्या ठिकाणी वाहिनी आहे तिथल्या ‘मदर स्टेशन’वर नळकांड्यांचा अख्खा संच 250 बारपर्यंत भरतात, तो ट्रकवर चढवतात आणि दूरच्या पंपावर आणून उभा करतात. सकाळी पहिली रिक्षा लागते तेव्हा दाब भरपूर असतो. टाकी 200 बारपर्यंत भरते आणि दोन-तीन मिनिटांत काम होते. जसजशा गाड्या येतात तसतसा संचातला दाब उतरतो. तो 150 वर आला की नुसत्या सोडण्याने गाडीतही 150 च्या वर वायू जात नाही. मग बूस्टर यंत्र चालवावे लागते, भरणे रेंगाळते आणि रांग वाढते. रिक्षावाला अर्धी टाकी घेऊन निघतो आणि दुपारी पुन्हा रांगेत येतो. त्याचा बुडालेला वेळ कुणाच्याच हिशेबात नसतो. यात वाहतुकीचा खर्च कंपनीचा, विजेचे बिल आणि माणसे सांभाळण्याचा ताण पंपचालकाचा, ट्रक उशिरा आला तर शिव्या मात्र पोरसवदा फिलरला. कमिशन किती, संच किती वेळात बदलायचा, कमी दाबाच्या वेळी काय करायचे, हे विक्रेत्यांच्या महासंघाने आणि वितरकांच्या संघटनेने बसून लिहून काढले, तर रांगेतल्या माणसाचा दिवस वाचतो.

बीडसाठी याहून जवळचा प्रश्न उसातून येणाऱ्या वायूचा आहे. मिथेन समुद्राखालून आला काय आणि शेणातून आला काय, पदार्थ एकच. महाराष्ट्राला याची ओळख जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात 1897 मध्ये मैल्यापासून वायू करणारे संयंत्र बसले होते. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेली बायोगॅस संयंत्रे गावकऱ्यांच्या गळी उतरवली आणि 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने ‘सतत’ योजना आणली: बायोगॅस शुद्ध करून, दाबून, सीएनजीच्या जागी विकायचा. पाच हजार प्रकल्पांचे स्वप्न होते. त्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही. आता वितरण कंपन्यांवर असा वायू मिसळण्याचे बंधन आले आहे: 2025-26 मध्ये 1 टक्का, पुढे वाढत 2028-29 पासून 5 टक्के.

साखर कारखान्यातला प्रेसमड हा यासाठीचा उत्तम कच्चा माल. सुमारे 25 टन प्रेसमडमधून एक टन दाबलेला बायोगॅस निघतो. पण गाळप चालते वर्षातले चार-पाच महिने, आणि प्रेसमड उघड्यावर पडला की त्यातला वायू होणारा अंश उडून जातो. वितरकाला मात्र बाराही महिने सारख्या दाबाचा आणि किमान 90 टक्के मिथेन असलेला वायू लागतो, हायड्रोजन सल्फाइड काढून टाकलेला. इथे एकटा कारखाना काय करणार? साठवण कशी करायची, उन्हाळ्यात शेण आणि कपाशीच्या पऱ्हाटीची जोड देता येईल का, वितरकाने कोणत्या भावाने किती वर्षे घ्यायचे, हे बायोगॅसवाल्यांची संघटना, साखर संघ आणि वायू वितरकांची संघटना या तिघांनी मिळून ठरवायचे आहे. त्यांच्यापुढे चौथी खुर्चीही हवी. प्रेसमड आजवर शेतकरी खत म्हणून उचलत आला. आता त्याला भाव आला तर त्यात ऊस उत्पादकाचा वाटा काय, आणि वायू काढल्यावर उरलेले खत त्याच्या शेतात परत येणार की दुसरीकडे विकले जाणार? ज्या उसाच्या गाळावर मोटारी धावणार, तो ऊस तोडणारी बाई फडाशेजारच्या कोपीत आजही चुलीचा धूर डोळ्यांत घेऊन भाकरी थापते. वायूच्या कोणत्याही करारात तिच्या चुलीचा विचार झाला नाही, तर त्या कराराला स्वच्छ ऊर्जा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

वायूने सगळे प्रश्न सुटतील असे मी म्हणत नाही. 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. वायूवरच्या आधुनिक वीज केंद्राला कोळशाच्या केंद्रापेक्षा पाणी पुष्कळ कमी लागते, म्हणून पाण्याची ओरड असलेल्या आपल्या भागाला ते आकर्षक वाटते. पण देशातली वायूवरची कितीतरी वीज केंद्रे महाग वायूमुळे वर्षातला बराच काळ थंड असतात, हेही खरे. आणि न जळता गळलेला मिथेन 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक उष्णता धरतो. वाहिनीतून गळती किती, हे संघटनेने मोजून जाहीर केले पाहिजे.

संघटनेचे दोषही मोकळेपणाने लिहायला हवेत. एकाच धंद्यातले लोक वारंवार एकत्र बसले, की भाव संगनमताने ठरण्याचा धोका असतो. 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, त्या आदेशात त्यांच्या संघटनेवरही ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. उत्पादनाचे आकडे सभासदांना वाटणे आणि भाव संगनमताने ठरवणे यांत अंतर फार नसते. जिथे एका क्षेत्रात एकच वितरक आहे तिथे तर अधिक सावध राहायला हवे. संघटनांच्या अभ्यासांबाबतही तेच. अमेरिकेत एकेकाळी चांगल्या शेगडीवर निळ्या ताऱ्याचे चिन्ह देऊन सुरक्षिततेची हमी देणारी हीच अमेरिकन गॅस असोसिएशन, घरातल्या शेगडीच्या धुराचा मुलांच्या दम्याशी संबंध दाखवणाऱ्या संशोधनाविरुद्ध अलीकडे ठामपणे उभी राहिली. एकाच संस्थेची ही दोन रूपे आहेत. म्हणून संघटनेचा अहवाल वाचताना अभ्यासाला पैसे कुणी दिले आणि आकडे कुणी तपासले, हे पाहण्याची सवय वाचकाने लावून घ्यावी.

पुढील प्रकरणांत हा विषय टप्प्याटप्प्याने मांडला आहे: आधी वायूची साखळी, मग नियामक मंडळ आणि परवाने, त्यानंतर संघटनांची रचना, त्यांची तांत्रिक कामे, त्यांची सरकारदरबारची कामे आणि शेवटी ग्राहकाचे हक्क. घाई असलेल्या वाचकाने निदान तांत्रिक कामांमधला सुरक्षिततेचा भाग वाचावा. घरात वायूची जोडणी आली की तो पाठ असावा.

माझे मागणे मात्र थेट संघटनांकडे आहे. मराठवाड्यात वाहिनी येण्याआधी इथल्या आयटीआयमधून वायू जोडणीची कामे करणारी मुले तयार करा. बाहेरून ठेकेदार आणून काम उरकू नका. सुरक्षिततेची माहितीपत्रके मराठीत लिहा, आणि ती इथल्या घरांत वाचून दाखवून मग छापा. रस्ते खोदायच्या आधी ग्रामपंचायतीला नकाशा द्या, म्हणजे पाण्याची लाइन टाकणारा जेसीबी वायूच्या पिवळ्या पाइपावर जाणार नाही. तुमच्या बैठकीत ग्राहकाला, पंपावरच्या कामगाराला आणि ऊस उत्पादकाला बोलण्याचा हक्क द्या, निमंत्रित पाहुण्याची खुर्ची नको. आणि वाचकांनो, तुमच्या जिल्ह्याचा परवाना कुणाकडे आहे, किती घरांना जोडणी देण्याचे त्यांनी कबूल केले आहे आणि त्यातले किती झाले, ही माहिती मागा. ती मागणारी माणसे जितकी वाढतील, तितकी संघटना प्रामाणिक राहील.

पाली, जि. बीड